शायान भाषेची भावंडे

अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या आग्नेय भागात लेम डीअर नावाचे गाव आहे. उत्तरेकडच्या शायान या मूळनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशाचे ते मुख्य ठिकाण. तिथली शायान बोलणारी आई ‘माझा मुलगा’ या अर्थी ‘नाए’हा’ म्हणते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातली क्री आई त्याच अर्थी ‘निकोसिस’ म्हणते, तर सुपीरियर सरोवराच्या काठची ओजिब्वे आई ‘निंगोझिस’ म्हणते. यांतल्या शेवटच्या दोन शब्दांचे नाते सांगायला कोणी विद्वान लागत नाही, ते कानालाच कळते. ‘नाए’हा’ मात्र त्यांच्या शेजारी ठेवला, तर कुठल्या तरी परक्या घरातून आल्यासारखा वाटतो. तरीही हे तिन्ही शब्द एकाच शब्दाची तीन रूपे आहेत. ही गोष्ट अंदाजाची नाही, भाषाशास्त्राच्या कसोटीवर पुन्हा पुन्हा तपासून ठरलेली आहे, आणि मला या विषयाची ओढ लागली ती याच कारणाने.

अल्गॉन्क्वियन हे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या भाषाकुलांपैकी एक आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यावरची मिगमाक, एकेकाळी न्यूयॉर्कच्या परिसरात बोलली जाणारी लेनापे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची भाषा, पंचमहासरोवरांभोवतीच्या ओजिब्वे, मेनॉमिनी, मेस्क्वाकी आणि शॉनी, हडसन उपसागरापासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेली क्री, आणि पश्चिमेच्या गवताळ मैदानांवरच्या ब्लॅकफूट, अरापाहो आणि शायान ही सगळी या कुळाची मंडळी. मिसिसिपी, मिशिगन, शिकागो, कनेक्टिकट ही आपल्या ओळखीची नावे याच कुळातल्या भाषांमधून आली. वायोमिंग राज्याच्या राजधानीचे नाव ‘शायान’ असले, तरी ते नाव डकोटा लोकांनी या समाजाला दिलेल्या नावावरून आले आहे, म्हणजे वेगळ्याच, सू भाषाकुलातून; उलट ‘वायोमिंग’ हे राज्याचे नाव मूळचे लेनापे आहे आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यावरून उचलून तिथे नेलेले आहे. नकाशावरची नावे अशी वाट चुकलेली असतात, म्हणून भाषांचे नाते त्यांच्यावरून ठरवू नये.

मग ते कशावरून ठरवावे? पहिला मोह अर्थातच सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा होतो, आणि शायानमध्ये असे थोडे शब्द सापडतातही. ओजिब्वेत दोनला ‘नीझ्’, तीनला ‘निस्वी’ आणि चारला ‘नीविन’ म्हणतात. शायानमध्ये त्यांच्या जागी ‘नेशे’, ‘ना’हे’ आणि ‘नेवे’ आहेत. इथे कान थोडा आश्वस्त होतो. पण चार अंकांपुढे गेले की तो आधार सुटतो. ओजिब्वेत पुरुषाला ‘इनिनी’ म्हणतात, शायानमध्ये ‘हेताने’. क्रीत कुत्र्याला ‘अतिम’ म्हणतात, ओजिब्वेत ‘अनिमोश’, शायानमध्ये ‘होतामे’. ओजिब्वेतला सूर्य ‘गीझिस’, शायानमधला ‘एशे’हे’. अशा याद्या वाचून १९१२ साली ट्रुमन मायकेलसन यांनी अल्गॉन्क्वियन भाषांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा शायान, अरापाहो आणि ब्लॅकफूट या तिघींना त्यांनी बाकीच्या सगळ्या भाषांपासून वेगवेगळे काढले. त्यांचा कान बरोबर सांगत होता. या तिन्ही भाषा खरोखरच दूर गेलेल्या आहेत.

दूर गेलेल्या भाषेचा माग काढायचा तर साम्य शोधण्यापेक्षा फरकातली शिस्त शोधावी लागते. एक फरक एका शब्दात दिसला आणि तसाच तो दुसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या शब्दात त्याच जागी दिसला, तर तो योगायोग राहत नाही. ‘नाए’हा’ हाच शब्द घेऊ. या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेला अभ्यासक आदि-अल्गॉन्क्वियन म्हणतात. ती कोणी लिहून ठेवली नाही, तिची रूपे लेकीभाषांच्या तुलनेतून पुन्हा उभी केलेली आहेत. त्या भाषेत ‘माझा मुलगा’ या अर्थी ‘नेक्वि’सा’ असे रूप धरले जाते. त्यातला शब्दाच्या मध्ये ’ या खुणेने लिहिलेला ध्वनी म्हणजे घशात श्वास क्षणभर अडवून सोडणे. क्रीने आणि ओजिब्वेने त्यातला ‘क’ जपला आणि शेवटी ‘इस’ हा लाडाचा प्रत्यय जोडला. शायानने मूळच्या ‘ए’चा ‘आ’ केला, ‘क’ पूर्णपणे टाकला, ‘इ’चा ‘ए’ केला, आणि घशातल्या अडथळ्यानंतरच्या ‘स’चा ‘ह’ केला. ‘ने-क्वि-’सा’ या क्रमावर हे नियम एकेक करून चालवले, की ‘नाए’हा’ समोर येतो. (शब्दाच्या अगदी शेवटचे स्वर वेगळ्या वाटेने गेले आहेत, त्यांची चर्चा इथे बाजूला ठेवतो.)

हेच नियम दुसऱ्या शब्दावर चालवून पाहावेत. मासा या अर्थी मूळ रूप ‘नमे’सा’ असे होते. त्यातला ‘अ’ शायानमध्ये ‘ओ’ होतो, ‘ए’ पुन्हा ‘आ’ होतो, आणि अडथळ्यानंतरचा ‘स’ पुन्हा ‘ह’ होतो: ‘नोमा’हे’. रक्ताचा शब्द ‘मा’ए’. तिथेही पहिल्या ‘ए’चा ‘आ’ झाला आहे. ‘माझी मुलगी’ या अर्थी मूळ ‘नेताना’ होते, क्रीत ते ‘नितानिस’ झाले आणि शायानमध्ये ‘नाहतोना’. पहिला ‘ए’ ‘आ’ झाला आणि मधला दीर्घ ‘आ’ ‘ओ’ झाला. सूर्याच्या ‘एशे’हे’मध्ये आरंभीचा ‘क’ गेला आहे, जो ओजिब्वेच्या ‘गीझिस’मध्ये ‘ग’ होऊन अजून उभा आहे. आदिभाषेत चार स्वर होते आणि प्रत्येकाचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार होते. शायानमध्ये आज ‘आ’, ‘ए’ आणि ‘ओ’ असे तीनच स्वर उरले आहेत. ते तीन स्वर मूळ जागांवर बसलेले नाहीत, सगळ्यांनी आपली जागा बदलली आहे. म्हणूनच पहिल्या दर्शनात शायान शब्द ओळखू येत नाहीत. आणि प्रत्येकाने ठरलेल्या दिशेनेच जागा बदलली आहे, म्हणूनच ते शेवटी ओळखता येतात. काही ठिकाणी ‘ए’ हा ‘ए’च राहतो, ‘हेताने’चा पहिला स्वर त्यातलाच, आणि अशा अपवादांवर अभ्यासकांनी बरेच काम केले आहे, पण नियमाचा सांगाडा त्याने ढळत नाही.

मराठी वाचकाला ‘क’ गळून जाण्याचे फारसे नवल वाटू नये. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधली व्यंजने अशीच गळाली, म्हणून ‘कुंभकार’चा ‘कुंभार’ झाला आणि ‘सूची’ची ‘सुई’ झाली. शायानने हे स्वतःच्या वाटेने केले, आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. मात्र मानवी तोंड व्यंजनांना कसे झिजवते हे ज्याने ‘सुई’ या एका शब्दात पाहिले आहे, त्याला ‘नाए’हा’मधून हरवलेला ‘क’ अविश्वसनीय वाटणार नाही.

कुत्रा आणि पुरुष या दोन शब्दांमध्ये या शास्त्राचे सौंदर्य मला सर्वांत स्पष्ट दिसते. पुरुषाच्या शब्दातला मधला ध्वनी ओजिब्वेत ‘न’ आहे, शायानमध्ये ‘त’ आहे: ‘इनिनी’, ‘हेताने’. कुत्र्याच्या शब्दातही ओजिब्वेत ‘न’ आणि शायानमध्ये ‘त’ आहे: ‘अनिमोश’, ‘होतामे’. एवढ्यावर कोणीही म्हणेल की आदिभाषेत दोन्हीकडे एकच ध्वनी असणार. आता क्रीला साक्षीला बोलवावे. क्रीत कुत्रा ‘अतिम’ आहे, तिथे ‘त’. पण माणूस या अर्थी मैदानी क्रीत ‘इयिनिव’ आहे, तिथे ‘य’, आणि दलदलीच्या प्रदेशातल्या क्रीत ‘इनिनिव’, तिथे ‘न’. म्हणजे क्रीने जिथे फरक जपला, तिथे ओजिब्वेने आणि शायानने, वेगवेगळ्या वाटांनी, दोन ध्वनींचा एक करून टाकला. मूळ भाषेत दोन ध्वनी होते हे मानल्याशिवाय गत्यंतर नाही: एक ‘र’ किंवा ‘ल’च्या जवळचा, आणि दुसरा इंग्रजी ‘थिंक’च्या आरंभी असतो तसा. कोणतीही एक लेक आईचा पूर्ण चेहरा सांगू शकत नाही. साक्ष सगळ्यांची घ्यावी लागते. शायान लोकांच्या इतिहासात ‘होतामेतानेओ’ओ’ या नावाचा लढवय्यांचा प्रसिद्ध संघ होता. इंग्रजीत त्यांना ‘डॉग सोल्जर्स’ म्हणतात. त्या एका नावात ‘होतामे’ आणि ‘हेताने’ दोन्ही एकत्र नांदतात, आणि त्यात ते दोन वेगळे जुने ध्वनी एकाच ‘त’च्या रूपात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

हे शास्त्र अल्गॉन्क्वियन भाषांना लावून दाखवले ते लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी. १९१३-१४ मध्ये लाइपझिग आणि ग्यॉटिंगेन इथे त्यांनी तौलनिक भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले होते. संस्कृत त्यांना येत होते आणि पाणिनीच्या सूत्रांवर त्यांनी लेखन केले आहे. त्या काळी अनेकांची अशी समजूत होती की ध्वनिनियमांची अचूकता हजारो वर्षांच्या लिखित साहित्याच्या भाषांमध्येच दाखवता येते, लेखन नसलेल्या भाषांमध्ये ती मिळणार नाही. ब्लूमफील्ड यांनी विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी लोकांकडून आणि सस्कॅचेवानमधल्या मैदानी क्री लोकांकडून त्यांची भाषा ऐकून लिहून घेतली आणि १९२५ मध्ये मेस्क्वाकी, ओजिब्वे, मेनॉमिनी आणि मैदानी क्री या चार भाषांची तुलना करून आदिभाषेचे ध्वनी मांडले. ‘तांबडे’ या अर्थाच्या धातूत त्यांना एक व्यंजनगट असा दिसला, की चार भाषांतल्या त्याच्या रूपांची जुळणी दुसऱ्या कोणत्याही गटाशी होत नव्हती. हाताशी असलेल्या एकाही भाषेत तो वेगळा उच्चारला जात नव्हता, तरी केवळ त्या विषम जुळणीच्या आधारावर त्यांनी आदिभाषेत एक वेगळा गट धरला. पुढे मॅनिटोबातल्या दलदलीच्या प्रदेशातल्या क्री बोलीची माहिती मिळाली, तेव्हा नेमक्या त्याच शब्दात ‘ह्त्क’ असा गट जिवंत निघाला. १९२८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे वाचताना मी दर वेळी थोडा थांबतो, कारण अंदाज आधी लिहून ठेवणे आणि मग वास्तवाने त्याला दुजोरा देणे हे विज्ञानाचे जे लक्षण आपण पदार्थविज्ञानात मानतो, ते इथे माणसांच्या तोंडच्या शब्दात घडले आहे. शायानमध्ये याच धातूच्या कुळातला रक्ताचा शब्द ‘मा’ए’ आहे. बहिणींच्या त्या साऱ्या व्यंजनगटाच्या जागी शायानमध्ये घशातला केवळ एक अडथळा उरला आहे. शायान एकटी असती, तर त्या अडथळ्यातून काहीही काढता आले नसते.

मात्र शायानने काही जपले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आईकडून आलेल्या गोष्टी वेगळ्या ठिकाणी ठेवते. क्रीत ‘पाहणे’ या अर्थाचा धातू ‘वापम’ असा आहे, आणि आदिभाषेतही तो जवळपास तसाच होता. शायानमध्ये मधला ‘प’ गळाला, दोन्ही स्वर ‘ओ’ झाले, आणि धातू ‘वोओम’ असा झाला. इथवरचे आधीच्या नियमांवरून कळते. पण यातला पहिला ‘ओ’ उंच सुरात म्हणायचा असतो, दुसरा नाही. शायान ही सुरांची भाषा आहे. स्वर उंच की खालचा यावर शब्द ठरतो, आणि काही स्वर तर आवाजाशिवाय, निव्वळ कुजबुजल्यासारखे उच्चारले जातात. हे सूर आले कुठून? १९७२ मध्ये डॉनल्ड फ्रँट्झ यांनी दाखवले की शायानमधले उंच सूर आदिभाषेतल्या दीर्घ स्वरांच्या जागी बसतात. ‘वापम’मधला ‘वा’ दीर्घ होता, म्हणून ‘वोओम’मधला पहिला ‘ओ’ उंच. दीर्घपणा शायानने गमावला, पण त्याची नोंद सुरात ठेवली. या एका शोधाने शायानचा चेहरा माझ्यासाठी बदलून गेला. ज्या गोष्टीमुळे ती आपल्या बहिणींहून सर्वांत वेगळी ऐकू येते, तीच गोष्ट तिने आईकडून घेतलेली आहे.

याच धातूच्या आधाराने व्याकरणाचे नातेही दाखवता येते, आणि माझ्या मते ते शब्दांच्या नात्याहून अधिक खोल आहे. या भाषांमध्ये ‘मी’ आणि ‘तू’ एकाच क्रियापदात आले, की क्रियापदाच्या आरंभी ‘तू’चा प्रत्यय लागतो, मग पाहणारा ‘मी’ असो की ‘तू’. कोण कोणाला पाहते, हे शेवटच्या प्रत्ययाने ठरते. क्रीत ‘किवापमिन’ म्हणजे ‘तू मला पाहतोस’ आणि ‘किवापमितिन’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’. शायानमध्ये त्याच क्रमाने ‘नेवोओमे’ आणि ‘नेवोओमात्से’. ‘मी’साठी क्रीत ‘नि’ आहे, शायानमध्ये ‘ना’. ‘तू’साठी क्रीत ‘कि’ आहे आणि शायानमध्ये ‘ने’. क्री जाणणाऱ्याच्या कानाला शायानचा ‘ने’ हा ‘मी’ वाटण्याचा संभव आहे. पण रचना पाहिली तर ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या पुढे ठेवण्याची ती जुनी शिस्त दोन्ही भाषांनी अक्षरशः सारखी पाळली आहे. त्यातही ‘मी तुला’ सांगणारा प्रत्यय पाहावा. क्रीत त्यात ‘त’ आहे, ओजिब्वेच्या ‘गिवाबमिन’मध्ये ‘न’ आहे, शायानमध्ये ‘त्स’ आहे, जो ‘ए’च्या आधी येणाऱ्या ‘त’चे रूप आहे. ‘त’, ‘न’, ‘त’: कुत्र्याच्या शब्दात जी जुळणी भेटली होती, तीच इथे पुन्हा भेटते. शब्दसंग्रहातला एक ध्वनी आणि क्रियापदाच्या गाभ्यातला एक प्रत्यय एकाच नियमाने बांधलेले दिसतात, तेव्हा नात्याविषयी शंका घ्यायला जागा उरत नाही.

आणखी एक वारसा मला फार मोलाचा वाटतो. मराठीत ‘त्याने त्याला त्याचा घोडा दिला’ असे म्हटले, तर घोडा नक्की कोणाचा हे संदर्भाशिवाय कळत नाही. अल्गॉन्क्वियन भाषांमध्ये दोन तृतीयपुरुषी व्यक्ती एकत्र आल्या, की एकीला पुढे आणि दुसरीला मागे ठेवावेच लागते, आणि मागच्या व्यक्तीच्या नामावर वा क्रियापदावर त्याची खूण उमटते. ‘एवोओमोहो’ या एका शायान शब्दात पाहणारा पुढचा आहे आणि ज्याला पाहिले तो मागचा, हे स्पष्ट असते. क्री आणि ओजिब्वे कथाकार हीच सोय वापरून लांबलचक गोष्टींमध्ये पात्रांची गल्लत होऊ देत नाहीत. नामांची सचेतन आणि अचेतन अशी विभागणीही सगळ्या कुळाची सामाईक आहे.

शायान, अरापाहो आणि ब्लॅकफूट यांना मिळून पुष्कळदा ‘मैदानी अल्गॉन्क्वियन’ म्हटले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते की या तिघी एकमेकींच्या जवळच्या बहिणी असणार. तसे नाही. या गटाचे नाव नकाशावरून पडले आहे, वंशावरून नाही. अरापाहोने शायानपेक्षाही विलक्षण वाट धरली. तिथे जुन्या ‘प’चा ‘क’ झाला आणि ‘व’चा ‘न’ झाला, म्हणून ओजिब्वेतला ससा ‘वाबूझ’ अरापाहोत ‘नोओकू’ झाला. ब्लॅकफूट सर्वांत वेगळी आहे, आणि ती या कुळापासून सर्वांत आधी फुटली असे अनेक अभ्यासक मानतात. पूर्वेकडच्या अटलांटिक किनाऱ्याच्या भाषांचाच काय तो एक सामाईक पूर्वज दाखवता येतो; मध्यवर्ती आणि मैदानी हे दोन्ही गट भूगोलाने बांधलेले आहेत. शायान आणि अरापाहो हे दोन समाज शंभरांहून अधिक वर्षे मित्र राहिले, एकत्र तळ देत राहिले, एकत्र लढले, आणि ओक्लाहोमात आज त्यांचे एकच संयुक्त शासन आहे. तरीही एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. माणसांची सोयरीक आणि भाषांची सोयरीक एकमेकींवर अवलंबून नसते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मैदानांवरचे शायान जीवन तसे उशिराचे आहे. सतराव्या शतकात हे लोक मिनेसोटाच्या परिसरात होते. पुढे नॉर्थ डकोटातल्या शायान नदीकाठी ते मातीच्या घरांच्या गावात शेती करून राहत होते, तिथून मिसुरी ओलांडून घोड्यांच्या जगात गेले. म्हणून ध्वनींची ही सारी उलथापालथ मैदानांच्या वाऱ्याने घडवली असे कोणी सांगितले, तर मी मान्य करणार नाही. तिचा मोठा भाग त्याआधीच, वनप्रदेशात, झालेला असणार. त्याहून मागे गेले, तर कॅलिफोर्नियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या युरोक आणि वियोट या भाषा लागतात. १९१३ मध्ये एडवर्ड सपीर यांनी त्यांचे अल्गॉन्क्वियनशी नाते सांगितले, मायकेलसन यांनी ते ठामपणे नाकारले, आणि १९५८ मध्ये मेरी हास यांनी पुरावा मांडून तो वाद मिटवला.

शायानचे ज्ञान आज ज्यावर उभे आहे त्यात स्वित्झर्लंडमधून आलेले मेनोनाइट मिशनरी रोडॉल्फ पेटर यांचा १९१५ सालचा जाडजूड कोश आहे, पुढच्या काळात शायान वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने वेन लेमन यांनी केलेले कोशाचे आणि व्याकरणाचे काम आहे, आणि लेम डीअरच्या चीफ डल नाइफ महाविद्यालयात रिचर्ड लिटलबेअर यांच्यासारख्या शायान शिक्षकांनी चालवलेले भाषाशिक्षण आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या कार्लाइलच्या वसतिशाळेत आणि तिच्या धर्तीवरच्या शाळांत मुलांना आपली भाषा बोलू दिली जात नसे, आणि आज शायान अस्खलित बोलणारे बहुतेक लोक वयस्क आहेत. ज्या भाषेने दीर्घ स्वर गमावतानाही त्यांची उंची जपली, तिच्या घरातून मुले वेगळी केली गेली, हे मला सहज वाचून पुढे जाता येत नाही.

या कुटुंबात शायानची सर्वांत जवळची बहीण कोण, या प्रश्नाचे उत्तर आज जिवंत असलेल्या भाषांमध्ये मिळत नाही. कदाचित ते सुताइओ लोकांकडे होते. हा समाज मैदानांवर शायानांना येऊन मिळाला. बायसनचे (अमेरिकी रानगव्याचे) पवित्र शिरस्त्राण त्यांनीच आणले असे शायान परंपरा सांगते. त्यांची बोली वेगळी पण समजण्याजोगी होती, आणि एकोणिसाव्या शतकात ती शायानमध्ये विरून गेली. तिच्याविषयीचा जो थोडा पुरावा नोंदींमध्ये उरला, तो १९७८ मध्ये आयव्ह्ज गॉडर्ड यांनी एकत्र तपासला. तेवढ्या तुटपुंज्या शब्दांवर ‘नाए’हा’सारखी नियमांची साखळी उभी करता येत नाही, पण सुताइओ वंशाची कुटुंबे उत्तरेकडच्या शायानांमध्ये आजही आपले वेगळे नाव सांगतात, आणि त्यांची मुले लेम डीअरच्या शाळेत जी शायान शिकतात, तिच्यात त्या हरवलेल्या बोलीचे किती शब्द मिसळलेले आहेत हे अजून कोणी वेगळे काढून दाखवलेले नाही.